मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को विमानाने अंतर किती, वेळ किती लागतो आणि कमी अंतराचा मार्ग कोणता?

आकडे आधी सांगून टाकते. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. मध्ये न थांबणारं विमान मिळालं तर साधारण १६ ते १७ तास. एकदा विमान बदलायचं असेल तर २२ तासांपासून ३० तासांपर्यंत काहीही, कारण मधल्या विमानतळावर किती वेळ बसवतात त्यावर सगळं अवलंबून.

एवढंच विचारलं असतंत तर मी लिहायला बसलेच नसते. पण तुम्ही पुढे लिहिलंय की आईवडील सत्तरीला आलेत, पहिल्यांदाच चाललेत आणि "घरातल्या मोठ्यांचं म्हणणं आहे की कमी अंतराचं तिकीट काढा, म्हणजे लवकर पोचतील." हे वाक्य वाचलं आणि मला आमच्या वाईच्या घरातली २०१८ सालची एप्रिल महिन्यातली संध्याकाळ आठवली. मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. या वाक्यावर मला गप्प बसता येत नाही.

आमची मुलगी सनीव्हेलला असते. तिचं बाळंतपण जूनअखेर होतं म्हणून आम्ही दोघं जूनच्या सुरुवातीला निघणार होतो. यांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, त्यात मधुमेह. मुलीने बजावून सांगितलं होतं, "आई, दिल्लीहून थेट विमान आहे, तेच घ्या. एकदा बसलात की इथेच उतराल." मी तयार होते. हेही तयार होते. मग रविवारी माझे मोठे दीर आले.

भाऊजी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, तो मी आजही राखून आहे. कुठल्या गावाहून कुठलं गाव किती किलोमीटर, कुठल्या घाटात किती मिनिटं जातात, पावसाळ्यात किती वाढतात, हे त्यांना तोंडपाठ. रस्त्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. अडचण अशी की आकाशाच्या बाबतीतही त्यांचाच शब्द शेवटचा असावा, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटतं.

त्यांनी तिकिटाचा कागद पाहिला आणि विचारलं, "हे विमान कुठून जाणार?" मी म्हटलं, चीन, जपान, मग पॅसिफिक. ते म्हणाले, "अमेरिका पश्चिमेला आहे. जपानकडून कोण जातं? एजंटाने फसवलंय तुम्हाला." मग त्यांनी भिंतीवरचा माझाच जगाचा नकाशा काढला, त्यावर फूटपट्टी ठेवली आणि मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत रेघ मारली. अरबस्तान, सहारा, अटलांटिक, अमेरिकेचा आडवा पट्टा. "ही बघ सरळ रेघ. याच्यापेक्षा जवळचा रस्ता असूच शकत नाही."

मी आतून पृथ्वीगोल आणला. बारा इंची, मी निवृत्त होताना शाळेतल्या मुलींनी दिलेला. शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला. ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात कमी अंतराची वाट धरतो. तो सहाराकडे फिरकलासुद्धा नाही. दिल्लीच्या जवळून वर गेला, लडाख, मग सायबेरिया, आर्क्टिक महासागर, तिथून अलास्कावर उतरून कॅनडाच्या कडेकडेने खाली. बारा इंची गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२० किलोमीटर. दोरा भरला ३२ सेंटिमीटर. आता भाऊजींच्या रेघेवरची गावं गोलावर शोधून त्यांवरून दोरा फिरवला. तो ४५ सेंटिमीटरच्या पुढे गेला. म्हणजे त्यांची 'सरळ रेघ' पाच हजार किलोमीटरहून जास्त लांबची. भिंतीवरच्या सपाट नकाशात गोल पृथ्वी ताणून बसवलेली असते, ध्रुवाकडचा भाग तर अफाट ताणलेला. त्यावर फूटपट्टीने अंतर मोजायचं नसतं, हे मी दरवर्षी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगायचे.

भाऊजी म्हणाले, "दोऱ्यावरून विमान उडत नाही."

यावर घरातले सगळे हसले. हेही हसले. मला ते हसणं अजून आठवतं.

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला, जो तुम्हालाही कुणीतरी ऐकवेलच. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे अमेरिका आपणहून सरकत येणार, म्हणून पश्चिमेकडून गेलं की वेळ वाचतो. मी त्यांना त्यांच्याच एस.टी.तलं उदाहरण दिलं. धावत्या गाडीत बसून नाणं वर उडवलं तर ते मागच्या सीटवर पडतं का? तुमच्याच हातात पडतं, कारण नाणं, तुम्ही आणि गाडीतली हवा, सगळे गाडीबरोबरच धावत असतात. पृथ्वीची हवा पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरते आहे. भाऊजींचं खरं असतं तर हेलिकॉप्टर वाईच्या वर तासभर नुसतं तरंगत ठेवलं तरी खाली अरबी समुद्र आला असता.

विमानाच्या वेळेत खरा फरक पडतो तो वाऱ्याने. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास हा वारा ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. १९२०च्या दशकात जपानच्या ओइशी वासाबुरो यांनी फुगे सोडून सोडून हा वारा मोजला आणि जगाला कळावं म्हणून एस्परांतो भाषेत छापला. ती भाषा जाणणारेच थोडे, त्यामुळे बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. मी हे दरवर्षी वर्गात सांगायचे आणि दरवर्षी मुली हळहळायच्या.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे, म्हणून नीट वाचा. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं थेट विमान २०१५च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं तेव्हा अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी तेच विमान पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. कारण वारा पाठीशी होता. अंतर वाढलं आणि वेळ कमी झाला. ही बातमी मी तेव्हाच कापून वहीत चिकटवली होती. त्या रविवारी ती वही भाऊजींपुढे ठेवली. ते म्हणाले, पेपरवाले काहीही छापतात.

यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "दादा म्हणतोय तर तसंच करू. त्यांचा प्रवासातला अनुभव आहे." माझ्या ३१ वर्षांचं तिथे काही नव्हतं. थेट तिकीट रद्द झालं. आखातातल्या एका शहरी विमान बदलायचं तिकीट आलं, तिथे नऊ तास मुक्काम. ते थोडं स्वस्तही होतं, हे प्रामाणिकपणे सांगते.

प्रवास असा झाला. दुपारी बाराला वाईहून गाडी निघाली, मुंबईच्या विमानतळावर सहाला. चार तास तिथे. दहाच्या विमानाने आखातात, तीन तास. मग नऊ तास खुर्चीत, कारण झोपायला जागा मिळाली ती यांना, आणि त्यांच्या इन्शुलिनची पिशवी मांडीवर घेऊन मी जागी. मग सोळा तासांचं विमान. हो, सोळाच. लोकांना वाटतं आखातात उतरलं म्हणजे अर्धी वाट सरली. मुंबई ते आखात दोन हजार किलोमीटरसुद्धा नाही आणि तिथून पुढे तेरा हजार उरतातच. थेट विमानात जेवढं बसायचं तेवढं बसावंच लागतं, वरचे बारा तास फुकटचे. सॅन फ्रान्सिस्कोला इमिग्रेशनच्या रांगेत आणि सामानात दोन तास, मुलीच्या घरी पोचायला एक. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत ४१ तास झाले. यांचे पाय इतके सुजले होते की चपला हातात घेऊन ते गाडीत बसले. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही, कारण वडील शेजारी होते.

पण त्या प्रवासातली एक गोष्ट मला कुणी हिरावून घेऊ शकत नाही. आखातातून विमान सकाळी उडालं आणि समोरच्या छोट्या पडद्यावर मी नकाशा लावून ठेवला. भाऊजींचं 'पश्चिमेचं' विमान. ते पश्चिमेला वळलंच नाही. नाक उत्तरेला केलं आणि सरळ वर निघालं. इराण, कॅस्पियन समुद्राचा भाग, मग रशिया, रशियाच्याही वर. मी यांना कोपराने ढोसलं, "अहो, बघा." आमचं विमान माझ्याच दोऱ्यासारखं चाललं होतं. काही तासांनी मी खिडकीची झापड थोडी वर केली. खाली पांढरंशुभ्र बर्फ, त्याला काळ्या भेगा पडलेल्या, आणि त्यावर लख्ख ऊन. मनगटावरचं घड्याळ मी भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं. त्यात संध्याकाळ झाली, रात्रीचे नऊ वाजले, अकरा वाजले, ऊन काही हलेना. जून महिना, आर्क्टिकवर सूर्य मावळतच नाही. एकतीस वर्षं फळ्यावर गोल काढून, तो तिरपा करून मी मुलींना हे समजावलं होतं, आणि स्वतः कधी पाहिलं नव्हतं. मी रडले. शेजारच्या बाईंना वाटलं मी घाबरले, त्यांनी पाणी दिलं.

यांनी पडदा पाहिला होता, बर्फही पाहिलं होतं. सनीव्हेलला पोचल्यावर त्यांनी दादांना फोन केला आणि म्हणाले, "प्रवास उत्तम झाला, तू सांगितलंस तेच बरोबर." दोऱ्याबद्दल एक अक्षर नाही. पाय बादलीतल्या कोमट पाण्यात होते तेव्हा.

म्हणून तुम्हाला सांगते, अंतर विचारूच नका. किलोमीटर हा गाडीवानाचा हिशोब. आईवडील घरातून किती वाजता निघणार आणि तुमच्या घरात किती वाजता पाठ टेकणार, एवढंच बघा. त्यात विमानतळापर्यंतचा रस्ता धरा, आधी पोचायचे तीन-चार तास धरा, मधला मुक्काम धरा, तिकडची रांग धरा. बारा तास वाचत असतील तर थेट विमानाला थोडे पैसे जास्त गेले तरी द्या.

तिकिटावरच्या वेळा वाचताना एक सांभाळा. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, नोव्हेंबर ते मार्च साडेतेरा तास. त्यामुळे जाताना निघण्याची आणि पोचण्याची तारीख एकच दिसू शकते. आमच्या त्या रद्द झालेल्या दिल्लीच्या तिकिटावर मध्यरात्रीनंतर निघून पहाटे पोच असं छापलेलं पाहून भाऊजी म्हणाले होते, "साडेतीन तासांत अमेरिका? बघ, मी म्हटलं ना, फसवणूक आहे." परत येताना उलट होतं. रात्री निघालात की मधली एक अख्खी तारीख जाते आणि तिसऱ्या तारखेला मुंबईत उतरता. त्यात जादू काही नाही. मॅगेलनच्या ताफ्यातले लोक १५२२ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून केप व्हर्दला पोचले तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. रोज नोंद ठेवूनसुद्धा एक दिवस कमी भरला. आईवडिलांना हे आधी समजावा, नाहीतर औषधांच्या गोळ्यांचा हिशोब चुकतो. डबीवर आपल्याच वेळेने लिहून द्या आणि विमानात एक घड्याळ भारताच्या वेळेवर राहू द्या.

दोऱ्याबद्दल एक खुलासा करते, कारण इथे कुणीतरी पकडेल. विमान अगदी दोऱ्याबरहुकूम जात नाही. दोरा ज्या लडाख-तिबेटच्या उंच भागावरून जातो तो शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला विमान पटकन तीन किलोमीटरच्या आसपास खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांचा ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच. खाली उतरायचं कुठे? शिवाय देशांची आकाशं उघडतात, मिटतात. २०२२पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. थेट उड्डाणंही सुरू होतात, बंद होतात, मध्ये तेलासाठी थांबा लागतो. म्हणून मी दिलेले तास हे अंदाजाचे समजा आणि तिकीट काढण्याच्या दिवशी प्रत्यक्ष वेळापत्रक बघा.

पण दोरा खोटा नाही. जानेवारी २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला जे पहिलं थेट विमान आलं, ते कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणलं. कॉकपिटमध्ये सगळ्या बायका. त्या दिवशी मी भाऊजींना फोन केला नाही. पृथ्वीगोल मात्र बाहेरच्या खोलीत टीपॉयवर आणून ठेवला, तो तिथेच आहे.

आणि २०२३च्या जानेवारीत मी एकटी गेले. मुंबईहून थेट विमान नुकतंच सुरू झालं होतं. यांनी विचारलं, दादाला विचारायचं का? मी म्हटलं, माझं तिकीट आहे. दुपारी मुंबईहून उडाले, जपानच्या बाजूने पॅसिफिकवर गेले, आणि त्याच तारखेच्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. विमानात सुमारे सोळा तास, घर ते घर एकोणतीस. नातू दाराशी उभा होता आणि मी त्याला उचलून घेऊ शकले, एवढं अंगात त्राण होतं.

आता दुसरी बाजू. सलग सोळा तास बसणं सगळ्यांना झेपत नाही. तुमच्या आईवडिलांपैकी कुणाला पाठीचा त्रास असेल, पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मध्ये उतरून चार-पाच तास पाय मोकळे करणं त्यांच्यासाठी बरं असू शकतं. पण मुक्काम चार-पाच तासांचा बघा, नऊ तासांचा नाही. कडेची सीट घ्या, दर दीड-दोन तासांनी उठून चालायला सांगा, पाणी पीत राहायला सांगा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. चालता येत असलं तरी नोंदवा, कारण तिथल्या रांगा आणि अंतरं आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंदाजातली नसतात. यांनी २०१८ला लाज वाटते म्हणून नको म्हटलं होतं.

घरातल्या मोठ्यांना पटत नसेल तर वाद घालू नका, पृथ्वीगोल आणि दोरा पुढे ठेवा. मात्र निर्णय त्यांच्यावर सोडू नका. ज्याचे गुडघे दुखणार आहेत आणि जो त्याची औषधाची पिशवी रात्रभर सांभाळणार आहे, त्या दोघांनी मिळून तिकीट ठरवायचं. हे मी २०१८ला म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही.

हे उत्तर टाकण्याआधी यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बर्फाचं खरं आहे. पण दादाला पाठवू नकोस." मी पाठवणार आहे.